साइटवर माणूस पडला तर : एका हजेरीवाल्याची वही

मे २०२२. सोलापुरात विजापूर रोडच्या आतल्या बाजूला एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्याचं सेंटरिंग (स्लॅबखालचा तात्पुरता आधार) खोलणं चालू होतं. सकाळचे साडेअकरा, पण ऊन असं की प्लेटेला हात लावला की चटका बसावा. मामा (साइटवर सगळेच त्यांना मामा म्हणायचे) कडेच्या बल्लीवर पाय देऊन प्लेट सोडवत होते. बल्ली सरकली. खाली एका बाजूला वाळूचा ढीग होता, दुसऱ्या बाजूला विटांची थप्पी. मामा विटांवर पडले.

मी तेव्हा त्या साइटवर हजेरी लिहायचो. रिक्षात आडवं घालून आम्ही त्यांना सिव्हिलला आणलं. केसपेपर काढताना विचारलं, "कसं लागलं?" ठेकेदारानं मला वाटेतच फोनवर पढवून ठेवलं होतं. मी सांगितलं, "घरी जिन्यावरून पडले."

ते तीन शब्द खोडायला पुढं तीन वर्षं गेली.

त्याच वर्षी दिवाळीनंतर मी ते काम सोडलं आणि पूर्व भागात झेरॉक्सचं दुकान टाकलं. एके दिवशी मामांची मुलगी कागदांची पिशवी घेऊन आली. म्हणाली, वकील म्हणतात केसपेपरवर घरी पडल्याचं लिहिलंय, केस अवघड आहे. त्या केसपेपरची झेरॉक्स मीच काढली, दहा कॉप्या. तेव्हापासून दुकानात कुणी असा कागद घेऊन आला की मी त्याला बसवून घेतो. खाली लिहिलंय ते त्या बसवून घेतलेल्या लोकांना जे सांगतो तेच. मी वकील नाही. बावीस वर्षं हजेरी लिहिली आहे आणि कागद कुठं गहाळ होतो ते मला माहीत आहे.

पहिले दोन दिवस

माणूस पडल्यावर आधी दवाखाना, हे सांगायला नको. पण दवाखान्यात "कसं लागलं" याचं उत्तर घरच्या माणसानं किंवा जखमीनं स्वतः द्यायचं. ठेकेदाराच्या माणसाला देऊ द्यायचं नाही. मी तो माणूस होतो म्हणून सांगतो. उत्तरात चार गोष्टी असू द्या : कुठल्या साइटवर, कुणाच्या कामावर, काय करताना, किती उंचीवरून. "अमुक ठिकाणच्या बांधकामावर, अमुक ठेकेदाराकडे, सेंटरिंग खोलताना दुसऱ्या मजल्यावरून पडला." एवढं एक वाक्य केसपेपरवर आलं की निम्मी लढाई झाली.

कामावरचा अपघात आहे असं सांगितलं की दवाखाना एमएलसी करतो, म्हणजे पोलिसांना कळवतो. मग पोलीस जबाब घ्यायला येतात. लोक इथं घाबरतात. ठेकेदारही नेमकं हेच सांगतो, "पोलिसांचं लफडं नको, मी बघतो सगळं." पोलिसांचा जबाब म्हणजे तुमच्यावर केस नव्हे. अपघात झाला, कामावर झाला, याचा तो सरकारी कागद आहे. जबाब तेलुगूत द्या, कन्नडमध्ये द्या, पण सही किंवा अंगठा करण्याआधी तो वाचून घ्या. माणूस दगावला असेल तर मरणोत्तर पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल लागतो, शिवाय भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली निष्काळजीपणाचा गुन्हाही नोंदवता येतो. तो फौजदारी मामला वेगळा, भरपाई वेगळी. पोलिसांनी काही केलं नाही म्हणून भरपाई अडत नाही.

आणि आधीच चुकीचं लिहून गेलं असेल तर? मामांचं असंच झालं होतं. दोन दिवसांनी शुद्धीवर नीट आल्यावर त्यांनी राउंडला आलेल्या डॉक्टरांना मोडक्या मराठीत खरं सांगितलं, आणि त्या डॉक्टरांनी वॉर्डच्या कागदावर ते टिपलं. पुढं कोर्टात तीच ओळ कामाला आली. म्हणून चूक कळली की वाट बघू नका. वॉर्डातल्या डॉक्टरांना सांगा, नोंद करायला लावा, आणि साध्या कागदावर अर्ज लिहून दवाखान्याच्या आवकमध्ये पोच घ्या.

दवाखान्यातून निघताना डिस्चार्ज कार्ड, एक्सरे, बिलं, औषधांच्या पावत्या, सगळं एका पिशवीत. एक्सरेची फिल्म पत्र्याच्या घरात उन्हाळ्यात चिकटते, तिचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

आता साइट. त्याच दिवशी कुणाला तरी पाठवून फोटो काढायला सांगा : पडलेली जागा, बल्ल्या, परांची, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गेटवरचा बोर्ड. बोर्डावर बिल्डरचं नाव, बांधकाम परवान्याचा नंबर, मोठी स्कीम असेल तर महारेराचा (बिल्डरांच्या स्कीमच्या सरकारी नोंदणीचा) नंबर असतो. ठेकेदार फोन बंद करून गावाला जाईल, बोर्ड गावाला जात नाही. पण रंगवला जातो, म्हणून लगेच.

मग कामाचा पुरावा. "हा माझ्याकडे कामालाच नव्हता" हे ठेकेदाराचं पहिलं वाक्य असतं, ठरलेलं. हजेरीच्या वहीत नाव असतं, पण वही त्याच्याकडे. तुमच्याकडे काय असतं? आठवड्याच्या बाजाराचे, म्हणजे मजुरीचे, फोनपेवर आलेले पैसे. उचल घेतल्याची चिठ्ठी. "उद्या सातला ये" असा व्हॉट्सअॅपवरचा आवाज. सोबतच्या दोन गवंड्यांची नावं आणि नंबर. स्लॅबच्या दिवशी सगळ्यांनी मिळून काढलेला फोटो. हे सगळं पुरावा आहे. फोन बदलायच्या आधी त्याच्या प्रिंट काढा (माझ्या दुकानाची जाहिरात समजा, पण काढा).

कुणाकडून मागायचं

१९२३ पासून आपल्याकडे या भरपाईचा कायदा आहे. त्याला आधी कामगार नुकसानभरपाई कायदा म्हणत, २०१० पासून कर्मचारी नुकसानभरपाई कायदा म्हणू लागले. २१ नोव्हेंबर २०२५ ला नव्या कामगार संहिता लागू झाल्या, तेव्हा हा कायदा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये गेला. तिचं सातवं प्रकरण म्हणजे हीच भरपाई. अपघाताची तारीख त्या दिवसाच्या आधीची की नंतरची हे वकिलाला पहिल्यांदा सांगा, अर्ज कुठल्या कायद्याखाली करायचा ते त्यावर ठरतं. हिशोबाची रीत दोन्हीकडे तीच आहे. नव्या संहितेत एक बरं झालंय : घरातून कामावर जाताना किंवा परत येताना झालेला अपघातही, वेळ-जागेचा कामाशी संबंध दाखवता आला तर, कामावरचाच धरला जातो. टेम्पोत उभं राहून मंद्रूपहून येणाऱ्या बायकांसाठी हे लहान नाही. वाहनाचा अपघात असेल तर मोटार अपघात न्यायाधिकरणाचाही रस्ता आहे, पण दोन्हीकडे मागता येत नाही, एक निवडावा लागतो.

रोजंदारीवर होतो, कागद नाही, पगारपत्रक नाही, तरी हक्क आहे. तीन दिवसांपेक्षा जास्त काळ काम सुटलं तर भरपाई लागू होते. आणि चूक कुणाची, हा प्रश्न इथं मुळात नाही. बल्ली मामांनीच नीट बघितली नव्हती असं ठेकेदार म्हणाला. म्हणू दे. काम करताना अपघात झाला एवढं पुरतं.

मालकाला सुटका फक्त तीन गोष्टींत आहे : माणूस दारूच्या किंवा नशेच्या अंमलाखाली होता आणि त्यामुळंच अपघात झाला, सुरक्षेसाठी स्पष्ट दिलेला हुकूम त्यानं मुद्दाम मोडला, किंवा सुरक्षेचं साधन मुद्दाम काढून टाकलं. यातला "मुद्दाम" हा शब्द धरून ठेवा. हेल्मेट गोदामात कुलपात होतं आणि साइटवर कुणीच घालत नव्हतं, तर ते मुद्दाम मोडणं होत नाही. आणि मृत्यू झाला असेल किंवा माणूस कायमचा पूर्ण निकामी झाला असेल तर या तीन सबबीसुद्धा चालत नाहीत. "प्यायला होता" ही अफवा सोलापुरात माणूस जमिनीवर पडायच्या आत पसरते. केसपेपरवर दारूचा वास नाही अशी नोंद असेल तर ती जपा.

आता मुख्य गोष्ट. ठेकेदार पळाला तर? बिल्डरला धरायचं. बिल्डरचा धंदाच बांधकामाचा आहे, आणि त्यानं तेच काम ठेकेदाराला दिलं, तर भरपाई द्यायला कायद्यानं बिल्डर बांधील आहे. नंतर ठेकेदाराकडून वसूल करणं ही त्याची डोकेदुखी. म्हणून अर्जात दोघांनाही पार्टी करा. ठेकेदारानं अपघाताची विमा पॉलिसी काढली असेल तर विमा कंपनीलाही. पण जुळे सोलापुरात एखाद्या शिक्षकानं स्वतःचं घर बांधायला मिस्त्रीला दिलं असेल, तर त्या शिक्षकाचा धंदा बांधकाम नाही. तिथं जबाबदार तो मिस्त्री. ही गोष्ट कटू आहे, कारण मिस्त्रीकडेही काही नसतं. म्हणून अशा कामावर जाणाऱ्यांनी बांधकाम कामगार कल्याण मंडळाची नोंदणी आधी करून ठेवावी, ते पुढं सांगतो.

पगारातून ईएसआय (कामगार राज्य विमा) कापत असतील तर वाट वेगळी. मग भरपाई आणि उपचार विमा महामंडळाकडून, मालकावर हा दावा चालत नाही. ईएसआयमध्ये अपघाताच्या सुट्टीत सरासरी रोजाच्या ९० टक्के मिळतात, ते कमी नाही. सेंटरिंगवाल्यांत मात्र मी बावीस वर्षांत ईएसआय कार्ड असलेला माणूस बघितला नाही.

शंभराचा बाँड

मामा दवाखान्यातून घरी आले त्या आठवड्यात ठेकेदार शंभराच्या बाँडवर टाइप केलेलं घेऊन आला. पन्नास हजार रोख, आणि "यापुढे माझी काही तक्रार नाही". मामींनी पैसे मोजायला सुरुवातही केली होती. मुलगी बारावीला होती, तिनं वाचलं आणि सही होऊ दिली नाही.

सही झाली असती तरी काय? भरपाईचा हक्क सोडला असं लिहून घेतलेला करार कायद्यात रद्दबातल आहे. तडजोड करायचीच तर तिचा करार नुकसानभरपाई आयुक्तांकडे (हे काम न्यायाधीश बघतात, ते पुढं सांगतो) नोंदवावा लागतो, रक्कम कमी वाटली तर आयुक्त नोंद नाकारू शकतात. माणूस वारला असेल तर रक्कम थेट आयुक्तांकडेच भरावी लागते. जखमी बाई असेल आणि एकरकमी भरपाई असेल तरीही तसंच. घरी येऊन विधवेच्या हातात दिलेलं पाकीट भरपाई म्हणून धरलं जात नाही. अंत्यविधीनंतर घर चालवायला तीन महिन्यांच्या पगारापर्यंत आगाऊ देता येतात, तेवढेच पुढं वजा होतात.

"दवाखान्याचा खर्च मी केला, तेच धरा" हे दुसरं ठरलेलं वाक्य. उपचाराचा खर्च हा भरपाईत वजा होत नाही. उलट २००९ च्या दुरुस्तीनंतर अपघाताच्या उपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकानं भरून द्यायचा आहे. म्हणून पावत्या.

तेव्हा घरात पैसे नसतील आणि ठेकेदार पैसे देत असेल तर घ्या. लाज कसली. पण पावतीवर "उपचारासाठी" किंवा "उचल" एवढंच लिहा.

किती

हा भाग लोकांना सगळ्यात अवघड वाटतो. हजेरी लिहिणाऱ्याला तो सगळ्यात सोपा वाटतो, कारण हा गुणाकार आहे.

तीन आकडे लागतात : महिन्याचा पगार, वयाचा गुणक, आणि टक्का.

पगार. मामांचा रोज ७०० होता. २६ दिवसांचे १८,२०० होतात. पण हिशोबाला धरायच्या पगाराची कमाल मर्यादा ३ जानेवारी २०२० पासून १५,००० रुपये आहे. आधी ती ८,००० होती. म्हणजे १५,०००.

गुणक. जुन्या कायद्याच्या चौथ्या परिशिष्टात प्रत्येक वयाला एक आकडा आहे. वीस वर्षांना २२४.००, तीसला २०७.९८, पस्तीसला १९७.०६, चाळीसला १८४.१७, पंचेचाळीसला १६९.४४, पन्नासला १५३.०९, साठला ११७.४१. मामा पंचेचाळीसचे.

टक्का. मृत्यू झाला तर पगाराचे ५० टक्के गुणिले गुणक. तीस वर्षांचा माणूस गेला तर ७,५०० गुणिले २०७.९८, म्हणजे १५,५९,८५०. कायमचा पूर्ण निकामी झाला तर पगाराचे ६० टक्के गुणिले गुणक. जुन्या कायद्यात मृत्यूला किमान १,२०,००० आणि पूर्ण अपंगत्वाला किमान १,४०,००० अशी खालची हद्दही होती. अंत्यविधीचा खर्च वेगळा, नव्या संहितेत तो किमान १५,००० आहे.

अर्धवट अपंगत्वात मात्र टक्का ठरवणं हाच सगळा खेळ. जुन्या कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात अवयवांची यादी आहे. हाताचा अंगठा गेला तर ३० टक्के, एक डोळा गेला आणि दुसरा नीट असेल तर ४०, एका हाताची चारही बोटं गेली तर ५०. यादीत नसलेल्या जखमा, म्हणजे खुबा, पाठीचा कणा, मोडून वाकडा जुळलेला पाय, यात डॉक्टर सांगतील तो टक्का.

आणि इथं एक खड्डा आहे, त्यात पुष्कळ लोक पडतात. सिव्हिलमध्ये मिळणारं दिव्यांग प्रमाणपत्र शरीर किती अधू झालं ते सांगतं. भरपाईला लागतो तो कमावण्याची ताकद किती गेली याचा टक्का. दोन्ही एक नव्हेत. पायात थोडा आखूडपणा आला तर शरीराच्या हिशोबात तो लहान आकडा असेल, पण सेंटरिंगवाला परांचीवर चढूच शकत नसेल तर त्याचं काम गेलं. सुप्रीम कोर्टानं डिसेंबर १९७५ मध्येच हे स्पष्ट केलं आहे. एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. एक हात शिल्लक आहे, परिशिष्टाप्रमाणे टक्का धरा, असं मालकाचं म्हणणं. कोर्टानं म्हटलं की एका हातानं सुतारकाम होत नाही, हे पूर्ण अपंगत्व. प्रताप नारायण सिंह देव विरुद्ध श्रीनिवास सबाता, हे नाव वहीत लिहून ठेवा आणि वकिलाला दाखवा. त्याला माहीत असेलच, पण तुम्हाला माहीत आहे हे त्याला कळू द्या.

मामांच्या डॉक्टरांनी कमाईची ताकद ४० टक्के गेली असं लिहिलं. पगाराचे ६० टक्के ९,०००, गुणिले १६९.४४ म्हणजे १५,२४,९६०, त्याचे ४० टक्के ६,०९,९८४ रुपये. पन्नास हजारांच्या बाँडशेजारी हा आकडा ठेवून बघा.

काही आठवडे, महिने अंथरुणावर आणि मग बरा, असं असेल तर दर पंधरवड्याला पगाराच्या २५ टक्के, जास्तीत जास्त पाच वर्षं. १५,००० वर ते ३,७५० होतात. २८ दिवस किंवा जास्त काम बंद राहिलं तर पहिल्या दिवसापासून, त्यापेक्षा कमी तर पहिले तीन दिवस सोडून.

महिन्याभरात मालकानं दिलं नाही तर वर्षाला १२ टक्के सरळव्याज, आणि सबळ कारणाशिवाय थकवलं तर रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत दंड. मामांच्या रकमेवर एका वर्षाचं व्याज ७३,१९८ रुपये होतं. तारखा लांबल्या की जीव कंटाळतो हे खरं, पण मीटर मालकाच्या नावानं चालू असतं.

नोटीस आणि अर्ज

आधी नोटीस. वकिलाकडूनच द्यावी असं नाही. साध्या कागदावर, ठेकेदार आणि बिल्डर दोघांच्या नावे :

"मी अमुक, राहणार अमुक, आपल्या अमुक ठिकाणच्या बांधकामावर सेंटरिंगचे काम करीत असताना दिनांक अमुक रोजी सकाळी साडेअकराच्या सुमारास दुसऱ्या मजल्यावरून पडून मला खुब्यास व उजव्या पायास गंभीर दुखापत झाली. माझा रोज सातशे रुपये होता. कायद्याप्रमाणे देय भरपाई व उपचाराचा खर्च द्यावा ही विनंती."

तारीख, सही, बस. पोच मिळेल अशा स्पीड पोस्टनं पाठवा, कारण रजिस्टर पोस्ट सप्टेंबर २०२५ पासून त्यातच गेलं. पाकीट घेतलं नाही म्हणून परत आलं तर फोडू नका, तसंच ठेवा, कोर्टात ते बंदच दाखवायचं असतं. नोटीस राहून गेली म्हणून दावा बुडत नाही, मालकाला अपघात माहीत होता हे दाखवलं तरी चालतं. पण दोन वर्षांची मुदत विसरू नका. अपघातापासून, किंवा मृत्यूपासून, दोन वर्षांत अर्ज. उशिराचं खरं कारण असेल तर आयुक्त माफ करू शकतात. त्या भरवशावर राहू नका, अंथरुणात दोन वर्षं कशी गेली ते कळत नाही.

अर्ज नुकसानभरपाई आयुक्तांकडे करायचा. नाव ऐकून लोक महापालिकेत जातात, तिथं हे नसतं. न्यायाधीशच हे काम बघतात, तेव्हा कोर्टाच्या आवारात चौकशी करा. नव्या संहितेत याच पदाला सक्षम प्राधिकारी म्हटलंय.

हिंजवडीला, वाघोलीला, पनवेलला कामाला गेलेल्या सोलापूरच्या पोरांनी हे नीट वाचा : अपघात पुण्यात झाला तरी अर्ज तुम्ही राहता तिथं, म्हणजे सोलापुरात करता येतो. तारखेला इंटरसिटीनं पळायची गरज नाही. बायको-मुलं इथं असतील आणि माणूस तिकडं गेला असेल तर तेही इथं अर्ज करू शकतात. विधवा, अज्ञान (अठराच्या आतला) मुलगा, लग्न न झालेली मुलगी, विधवा आई हे सगळे वारस म्हणून येतात. सासू-सुनेचं भांडण असलं तरी अर्जात दोघींची नावं टाका, वाटणी आयुक्त करतील. एकीचं नाव लपवलं की केस वर्षभर मागं जाते, हे मी दोनदा बघितलं.

वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. बाई असेल, अनुसूचित जाती-जमातीतला असेल, दिव्यांग असेल तर उत्पन्न न बघता वकील फुकट मिळतो. बाकीच्यांना महाराष्ट्रात वर्षाला ३ लाखांची मर्यादा आहे. १५१०० वर फोन केला तरी सांगतात. खासगी वकील केला आणि त्यानं मिळणाऱ्या रकमेत टक्केवारी मागितली तर ते बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. फी आकड्यात ठरवा.

कायदा म्हणतो तीन महिन्यांत निकाल. मामांचा अर्ज फेब्रुवारी २०२३ चा, निकाल २०२५ च्या पावसाळ्यात. सगळ्यात जास्त वेळ डॉक्टरांच्या साक्षीला गेला. प्रमाणपत्र नुसतं जोडून भागत नाही, डॉक्टरांनी येऊन टक्का कसा काढला ते सांगावं लागतं. म्हणून प्रमाणपत्र घेतानाच विचारून घ्या, साक्षीला याल ना. जे नाही म्हणतात त्यांच्याकडून घेऊ नका.

माझी साक्ष पाऊण तास चालली. समोरच्या वकिलानं केसपेपर हातात देऊन विचारलं, "हे तुम्हीच सांगितलं होतं ना? मग तेव्हा खोटं बोलत होतात की आता?" मी म्हटलं, तेव्हा. मग त्यांनी माझी हजेरीची वही खोटी आहे म्हटलं. वहीत मामांच्या नावापुढं त्या दिवशी अर्धा दिवस लावला होता, कारण साडेअकराला पडलेल्या माणसाचा पूर्ण रोज लिहायचा नाही असं ठेकेदारानं सांगितलं होतं. खोटी वही करणारा अर्धा दिवस कशाला लिहील, असं न्यायाधीशांनी विचारलं. माझं डोकं तेवढं चाललं नव्हतं.

ठेकेदार एकदाही आला नाही. रक्कम बिल्डरनं भरली. भरली नसती तर ती जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते. मालकाला हायकोर्टात अपील करायचं असेल तर आधी पूर्ण रक्कम जमा करावी लागते, त्यामुळं उगाच अपील फारसं होत नाही.

मंडळाचं कार्ड

बांधकाम कामगार कल्याण मंडळाचे पैसे हे वरच्या भरपाईशिवाय वेगळे. एकाचे मिळाले म्हणून दुसऱ्याचे अडत नाहीत. १८ ते ६० वय, मागच्या वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम, त्याचा दाखला ठेकेदाराचा किंवा ग्रामसेवकाचा किंवा महापालिकेचा. नोंदीत कामगार कामावर असताना वारला तर वारसाला ५ लाख, नैसर्गिक मृत्यूला २ लाख, ७५ टक्के किंवा जास्त कायम अपंगत्वाला २ लाख, अंत्यविधीला १०,०००, आणि जोडीदाराला वर्षाला २४,००० असे पाच वर्षं. पण कार्ड दरवर्षी जिवंत ठेवावं लागतं. मामांचं कार्ड होतं, २०१९ नंतर नूतनीकरण नव्हतं, मंडळाकडून भांड्यांचा संच मिळाल्यावर ते ट्रंकेत गेलं. पत्र्याच्या ट्रंकेत कार्ड ठेवणाऱ्या प्रत्येकानं आज त्यावरची तारीख बघावी. नोंदणीसाठी हजार-दोन हजार मागणारे एजंट पूर्व भागात गल्लोगल्ली आहेत. त्यांना देऊ नका, फॉर्म ऑनलाइन भरता येतो.

अस्सल कागद कोर्टात देण्याआधी त्याच्या दोन झेरॉक्स काढून ठेवा. तिथं त्याच्यावर निशाणी क्रमांक पडतो आणि तो फाइलला लागतो. माझी हजेरीची वही अजून तिथंच आहे, मे २०२२ च्या पानाला खूण घातलेली. परत हवी तर अर्ज करावा लागतो. मी केलेला नाही.